ठकीची मान आणि माझं ड्रॉइंग

बावीस वर्षं मी पंपांची ड्रॉइंगं काढतोय आणि बावीस वर्षांत माझ्या एकाही रेघेवर कुणी बोट ठेवलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसायचा नाही.

ठकी तेव्हा अडीच महिन्यांची होती. ठकी म्हणजे आमची मुलगी. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली, त्यामुळे तिला शिंक आली तरी घरात बैठक भरते. त्या दिवशी सासूबाईंनी तिला न्हाऊ घालून पलंगावर ठेवली होती आणि मी उशाशी उभा राहून तिचं डोकं वरून बघत होतो. ते मला गोल वाटेना. मी चष्मा पुसला. तरी वाटेना. मागची डावी बाजू बसल्यासारखी दिसत होती.

"डोकं एका बाजूनं चपटं आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला पोळपाटही गोल दिसत नाही, त्यातही कोन दिसतात," बायको म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवते, आणि वर्गात जे बोलता येत नाही ते घरी बोलते.

"आमच्या घराण्यात चपटं डोकं नाही हो," सासूबाई म्हणाल्या. मग काय वाटलं कोण जाणे, उठून माझ्या मागे आल्या. माझ्या टाळूपासून मानेपर्यंत तळवा फिरवला, "हं" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या एका "हं"मध्ये माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

मी चिडून पलंगाच्या उजव्या बाजूला गेलो आणि ठकीला हाक मारली. तिचे डोळे माझ्याकडे वळले. मान वळली नाही. मी टाळी वाजवली. डोळे पार कोपऱ्यापर्यंत आले, मान तिथेच. तोंड डावीकडे ते डावीकडेच. बायको हातातली दुपटी तशीच धरून बघत राहिली. मग तिनंही टाळी वाजवली, आणि तिच्याही टाळीला मान वळली नाही. त्यानंतर पोळपाटाबद्दल कुणी काही बोललं नाही.

आमच्या जिन्यावर बातमी दूध उतू जावं तशी पसरते. समोरचे कंडक्टरकाका संध्याकाळीच आले. तीस वर्षं बसमध्ये मागे बघत उभं राहिल्यामुळे त्यांची स्वतःची मान कायम थोडी वळलेली असते. ते म्हणाले, "अहो काही नसतं. माझी बघा, कुठं काय अडलं?" असं म्हणून ते वळले आणि आमच्या दाराच्या चौकटीवर आपटले. खालच्या शिवणकामवाल्या मावशींनी मधे भोक असलेली उशी शिवून आणली. "यात डोकं ठेवा, साच्यात घातल्यासारखं गोल होतं." त्यांच्या दिराच्या मेहुण्याच्या मुलाचं झालं होतं म्हणे. मुलाला बघायला मिळेल का, असं मी विचारलं तर तो आता दाढी ठेवतो आणि टोपी घालतो असं कळलं.

बालरोगतज्ज्ञांनी उशी बघताक्षणी बाजूला ठेवली. बाळाच्या पाळण्यात उशी नको, गादी सपाट हवी, झोपताना पाठीवरच झोपवा. मग ठकीच्या मानेवरून बोट फिरवलं, एका जागी थांबवलं, आणि व्यायामोपचार विभागाची चिठ्ठी लिहिली. ते बोट ज्या तऱ्हेनं थांबलं, ते मला अजून आठवतं.

विभागाच्या नोंदणी खिडकीवर एक बाई होत्या आणि एक संगणक होता. दोघांत हुकूम संगणकाचा चालत होता.

"वय?"

"तीन महिने."

"वर्षं सांगा."

"शून्य."

"शून्य घेत नाही. एक टाकू का?"

मागे रांग होती. कंबर धरून उभी असलेली माणसं माझ्याकडे बघत होती. "टाका," मी म्हणालो. माणसाच्या आयुष्यातली मोठी संकटं अशाच छोट्या शब्दांनी सुरू होतात.

"व्यवसाय?"

"अहो, तान्ही आहे."

"रिकामं ठेवता येत नाही."

"गृहिणी लिहा."

"जड वस्तू उचलता का? नाही. चालता येतं का?"

"नाही."

हे "नाही" त्यांनी ठळक अक्षरात टाकलं.

आत एकाच पालकाला प्रवेश होता. बायको उठली तसा मी म्हणालो, "तू थांब. हा तांत्रिक विषय आहे." बायकोनं माझ्याकडे बघितलं, पण रांगेत भांडायचं तिला जिवावर आलं. तिनं ठकीला माझ्या हातात दिलं. तिनं भांडायला हवं होतं.

थेरपिस्ट मॅडम बारीक चणीच्या, हात मात्र ठाम. त्यांनी ठकीला मऊ गादीवर ठेवलं आणि मला समजावलं. मानेच्या उजव्या बाजूचा स्नायू आखडला आहे. त्यामुळे डोकं उजव्या खांद्यावर कलतं आणि तोंड डावीकडे फिरतं. मग चोवीस तास डोक्याच्या एकाच भागावर भार येतो आणि तो भाग बसतो. "घाबरू नका. पण हयगयही नको. हनुवटी उजव्या खांद्याकडे हळूहळू न्यायची, तिथं धरायची, दिवसातून पाच वेळा. खेळणं, आवाज, उजेड, माणसं, सगळं उजवीकडे. जागी असताना, तुम्ही समोर बसून, पोटावर ठेवायचं. सुरुवातीला रडेल. साडेपाच महिन्यांची होईपर्यंत मान पूर्ण वळली तर डोकं आपोआप भरून येईल."

"आणि नाही वळली तर?"

"तर डोक्यासाठी हेल्मेट. रोज तेवीस तास, काही महिने. आणि मान तशीच राहिली तर पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. पण तिथपर्यंत आपण जायचं नाही."

त्या हे करून दाखवत असताना मी काय करत होतो? मी मान खाली घालून टिपणं घेत होतो. एक शब्द सोडला नाही. ठकी रडत होती तेवढं ऐकू आलं. "आता तुम्ही करून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "समजलं," मी म्हणालो. "मी ड्रॉइंगवाला आहे." बाहेर पुढच्या नंबरचा पुकारा झालाच होता. त्यांनी मला एक कागद दिला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. चित्रातलं बाळ डागासारखं दिसत होतं.

असला कागद माझ्या घरात लागणं शक्य नव्हतं. त्या रविवारी मी मोठा शीट लावला आणि ठकीची तीन दृश्यं काढली. समोरून, वरून, बाजूनं. प्रमाण एकास एक. वळवण्याच्या दिशेला लाल बाण, त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात "उजवीकडे". कोपऱ्यात चौकट, चौकटीत शीर्षक, तारीख, माझी सही. तक्ता पलंगाच्या वर भिंतीवर लागला. कंडक्टरकाका म्हणाले, "वा! याला म्हणतात मार्गाचा फलक." सासूबाईंनीसुद्धा चष्मा लावून बघितला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र गेल्या चौदा वर्षांत मिळालेलं नव्हतं.

घर बाणाबरहुकूम चालू लागलं. पाळणा फिरवला, दिवा सरकवला, खुळखुळा बाणाच्या बाजूला बांधला. मावशी आल्या की मी त्यांना बाणाच्या बाजूला बसवत असे. बायको तक्त्याकडे बघत मान वळवायची आणि ठकी अगदी लोण्यासारखी वळायची. कुरकूर नाही, रडणं नाही. उलट हसायची.

"अहो, ही रडत कशी नाही?" बायकोनं पाचव्या दिवशी विचारलं. "मॅडम म्हणाल्या होत्या ना, रडेल म्हणून?"

"चांगल्या ड्रॉइंगचा हाच फायदा असतो," मी म्हणालो. हे वाक्य आता आठवलं की मला आजही उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

दहाव्या दिवशी फेरतपासणी होती. ती झाली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण खिडकीवरच्या संगणकात एक वर्षाची, अजून न चालणारी गृहिणी बसली होती, आणि संगणकानं तिला तिसऱ्या मजल्यावर चालण्याच्या विभागात पाठवलं. आम्ही तिथं साडेतीन तास बसलो. शेवटी एका डॉक्टरांनी ठकीच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, फाइल बघितली, मग ठकीकडे बघितलं, आणि विचारलं, "हिला कुणी चालायला सांगितलंय?" वय दुरुस्त करायला अर्ज, अर्जाला जन्माचा दाखला, दाखल्यावर सही, सही करणारे रजेवर. नवी तारीख मिळाली बारा दिवसांनी. मी खिडकीवर आवाज चढवला. बाईंनी शांतपणे विचारलं, "एक टाका असं कोण म्हणालं होतं?" मी अर्जाचा कागद मागून घेतला.

इकडे मी आणखी एक उद्योग आरंभला होता. वळणं काढायला आमच्याकडे एक मऊ पट्टी असते, हवी तशी वाकते आणि वाकलेली राहते. ठकी झोपली की दर रविवारी मी ती अलगद तिच्या डोक्याभोवती लावायचो आणि घेर पारदर्शक कागदावर उतरवायचो. तीन रविवार झाल्यावर तीन कागद एकावर एक ठेवले. घेर एकमेकांवर बसत नव्हते. डावीकडची मागची बाजू दर आठवड्याला थोडी थोडी आत गेली होती.

पट्टी सरकली असेल, मी स्वतःला सांगितलं. परत मोजलं. पट्टी सरकलेली नव्हती. कागद मी गुंडाळून कपाटावर टाकले आणि बायकोला म्हणालो, "सुधारतंय." ती इतकी खूश झाली की तिनं आईला हाक मारून सांगितलं.  व्यायाम पाचाचे सात केले. ठकी सातही वेळा हसली.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता ऑफिसात नेला. आता खरं सांगतो, सल्ला घ्यायला नाही नेला. तक्त्याचं कौतुक ऐकून माझ्या मेहुणीनं प्रती मागितल्या होत्या, आणि ऑफिसातल्या चार लोकांच्या नजरेस पडला तर पडला, असंही होतं. आमच्याकडे ड्रॉइंग तपासायला एक बाई आहेत. त्यांना सगळे लाल पेन्सिल म्हणतात. बावीस वर्षं त्या माझ्या कामात चूक शोधताहेत. झेरॉक्सच्या यंत्राशेजारी उभ्या राहून त्यांनी तक्ता बघितला. बराच वेळ बघितला.

"सुंदर काढलंय," त्या म्हणाल्या.

मी नम्रपणे हसलो.

"पण हा उजवा कुणाचा?"

"म्हणजे?"

"तुमच्या समोर आहे ना बाळ? बाण तुमच्या उजव्या हाताला गेलाय. तो तर बाळाचा डावा."

"ड्रॉइंगमध्ये उजवी बाजू ती उजवी बाजू," मी म्हणालो. "बावीस वर्षं..."

"पंपाच्या झाकणाला स्वतःचा उजवा हात नसतो हो," लाल पेन्सिल हळूच म्हणाल्या. "पोरीला असतो."

मी तक्त्याकडे बघितलं. समोरचं दृश्य. बाण. सुवाच्य अक्षर. माझी सही.  तीन आठवडे आम्ही सगळे मिळून, पाळणा फिरवून, दिवा सरकवून, दिवसातून पाच पाच वेळा, त्या पोरीला ज्या बाजूला ती आधीच अडकली होती तिकडेच ढकलत होतो. हसणार नाही तर काय करेल बिचारी? तिला जे हवं तेच तर आम्ही देत होतो.

लाल पेन्सिलनं खिशातून पेन्सिल काढली नाही. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची ओढली.

घरी जाताना मी तीन थापा तयार केल्या. छापणाऱ्याची चूक. मॅडमची चूक. नवं संशोधन. तिसरी बरी होती. दार बायकोनं उघडलं, कडेवर ठकी, आणि ठकी तिच्या खांद्यावरून डावीकडे बघत होती. मी तिन्ही थापा विसरलो.

"तक्ता उलटा आहे," मी म्हणालो. "माझं चुकलं. आणि सुधारतंय हेही खोटं होतं. वाढलंय."

बायको ओरडली की मला बरं वाटतं, कारण मग काय करायचं ते मला ठाऊक असतं. ती ओरडली नाही. कपाटावरचे कागद काढून तिनं खिडकीशी एकावर एक धरले आणि बघत राहिली. "मी पोरांना नकाशात पूर्व-पश्चिम शिकवते," ती म्हणाली. "रोज मीच वळवत होते तिची मान. माझ्या हातांनी." आणि रडायला लागली. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून तसं वाटलंच होतं, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. ते त्यांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी मला कुणी मारलं असतं तरी मी उभा राहिलो असतो.

तारखेला मॅडमनी सगळं ऐकलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. "तीन आठवडे गेले. सात आठवडे आहेत. आता तुमच्या हातानं, माझ्यासमोर, दहा वेळा." आणि बाहेर आवाज दिला, "आईला आणि आजीलाही आत पाठवा. एकाच पालकाला घेतलं ते पुरे झालं."

खऱ्या उजवीकडे वळवल्यावर ठकी जी रडली, ती मला जन्मभर पुरेल. लालबुंद झाली. हात झाडले. मॅडम म्हणत होत्या, जोर नको, झटका नको, थांबा, आता सोडा. 

घरी आल्यावर मी जाहीर केलं की व्यायाम मीच करणार. बायको करते म्हणाली, मी ऐकलं नाही. चूक माझी, तर रडणंही माझ्याच वाट्याला यावं. सकाळी दोनदा, ऑफिसातून आल्यावर तीनदा, दर वेळी आधी घसा खाकरून. सासूबाई तेवढ्या वेळापुरत्या गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. कंडक्टरकाका एकदा दारातून म्हणाले, "पोरीला काय करताय हो?" मी म्हणालो, "मान वळवतोय." ते म्हणाले, "मला वाटलं मुरगळताय," आणि गेले.

पंधरा दिवसांत ठकीनं घराची विभागणी करून टाकली. आई म्हणजे दूध, आजी म्हणजे गाणं, आणि बाबा म्हणजे तो उजवीकडून येणारा माणूस. मी दिसलो की तिचा खालचा ओठ पुढे यायचा. रस्त्यात मावशींच्या कडेवर असली आणि मी समोरून आलो तरी ओठ पुढे. शेजारीपाजारी माझ्याकडे संशयानं बघू लागले. चौदा वर्षं मी ज्या पोरीची वाट बघितली, ती मला बघून रडत होती, आणि मला ते रोज पाच वेळा करायचं होतं. एकदा न्हाणीघरात नळ सोडून मीही रडून घेतलं. बायकोनं बाहेरून विचारलं, "पाणी किती वेळ सोडलंय?" मी म्हणालो, "गरम यायची वाट बघतोय."

मान वळत होती. अर्धी झाली. मग त्याहून थोडी पुढे. आणि तिथं अडकली. सहावा आठवडा संपला तरी हनुवटी खांद्याच्या अलीकडेच थांबायची. घेराचे कागद आता बायको आणि मी दोघं मिळून बघत होतो. डोकं आत जायचं थांबलं होतं, भरून यायला मात्र लागलं नव्हतं.

शेवटच्या तपासणीला आम्ही तिघंही आत गेलो. ठकीला गादीवर झोपवलं. मॅडमनी समोर हेल्मेटच्या चिठ्ठीचं पुस्तक ठेवलं होतं. मी ते बघितलं, बायकोनंही बघितलं.

"आधी तिची तिला वळू दे," मॅडम म्हणाल्या. "हात लावायचा नाही."

उजवीकडे घंटी वाजवली. मान थोडी वळली, थांबली. लाल चेंडू आणला. तिथंच. बायकोनं हाक मारली. ठकीनं डोळे फिरवले, मान तेवढीच. सासूबाईंनी गाणं म्हटलं, ज्या सुरात म्हटलं त्यानं शेजारच्या पडद्यामागचा कंबरवाला रुग्णही गप्प झाला. नाही. मॅडमनी पेन उचललं.

मी भिंतीशी उभा होतो. ठकीच्या उजव्या खांद्याच्याही मागे, अंग चोरून, कारण मी दिसलो की ती रडते हे सगळ्यांना ठाऊक होतं.  सवयीनं मी घसा खाकरला.

ठकीचं सगळं अंग थबकलं. ते खाकरणं तिनं रोज पाच वेळा ऐकलेलं होतं. तिला खात्री करून घ्यायची होती, तो कुठं आहे, किती जवळ आलाय. तिचे डोळे आले, कोपऱ्यापर्यंत, आणि डोळे पुरेनात म्हणून मान यायला लागली. चेंडूच्या पुढे गेली. घंटीच्या पुढे गेली. हनुवटी खांद्याला टेकली आणि दोन्ही डोळे सरळ माझ्यावर लागले. खालचा ओठ पुढे आला. तिनं भोकाड पसरलं.

"बाबा, हलू नका!" मॅडम ओरडल्या. "जागचे हलू नका! दहा मोजते."

त्या मोजत होत्या. बायको तोंडावर हात घेऊन उभी होती. ठकी माझ्याकडे बघत होती, माझ्यावर डोळे रोखून, जीव खाऊन रडत होती, आणि मान एक केसभरही मागे गेली नाही.

"दहा. पूर्ण वळली." मॅडमनी पुस्तक मिटलं. "हेल्मेट नको. डोकं येईल आता भरून, वेळ लागेल, पण येईल. व्यायाम चालू ठेवा."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, झालं ना आता? सरका बाजूला. पोर रडतेय."

"थांबा हो थोडं," मी म्हणालो. "बघू दे तिला."